हौसा आत्याचं बसणं

“हात हलव! नुसतं पाय टाकू नको, हात पण हलव!” मी वरडले.

“हलवतीया की गं भवाने,” आत्या धापा टाकत म्हणाली. “दोनच हाईत मला, तिसरा कुठनं आणू?”

मैदानाच्या कडंला कट्ट्यावर पेपर वाचत बसलेले दोन म्हातारे खुसुखुसु हसले. हसणारच. बासष्ट वर्षांची बाई, नऊवारी लुगडं वर खोचलेलं, पायात माझे खेळाचे बूट, तोंड लालबुंद, आणि मागनं मी गळ्यात शिट्टी अडकवून. एकजण दुसऱ्याला म्हणाला, “पैलवान कुठल्या जत्रंला निघालाय म्हणायचा?”

मी जागेवरच थांबले. “काय म्हणाला, मामा? परत म्हणा की.”

“काय न्हाई बाळ. तुमचं चालू द्या.”

“न्हाई, म्हणा की. तुमच्या भावाला तुमी देणार काय किडनी? का नुसता पेपर वाचून दाखवणार?”

“नंदे!” आत्या तिकडनं वरडली. “चल म्होरं. भांडाण करायला आणलंय व्हय मला हितं?”

नंदी म्हणजे मी, राजनंदिनी. तेव्हा सोळा वर्षांची होते. आता तीन वर्षं झाली त्याला. ते मैदान आमच्या शाळेचं. शाळा मी नववीतच सोडलेली. सोडली म्हणजे काय, एक मास्तर वर्गात पप्पांच्या आजारावरनं कायतरी बोलला, मी डस्टर फेकून मारला आणि परत गेलेच न्हाई. कबड्डी तेवढी खेळायची. तीबी नंतर सुटली, कारण पप्पांना आठवड्यातनं दोनदा सांगलीला डायलिसिसला न्यायचं असायचं, आणि एस्टीत चढताना त्यांना मागनं धरायला आईच्या जोडीला कोणतरी लागायचं.

पप्पा इचलकरंजीत मागावर कामाला होते. बीपीनं दोन्ही किडन्या गेल्या. डाव्या हाताच्या मनगटावर डायलिसिसची सुई टोचायला डॉक्टरांनी शीर जोडून दिलेली, ती दोरीगत फुगलेली, आणि तिच्यावर हात ठेवला की मांजर गुरगुरल्यागत लागायचं. सुरुवातीला मला गंमत वाटायची. पुढं पुढं मी हात ठेवायचंच बंद केलं. एक दिवस ते गुरगुरणं लागलंच न्हाई तर, असं वाटायचं.

आईला साखर, म्हणून तिची किडनी चालंना. माझं वय बसंना. मी डॉक्टरांना म्हटलं, आधारकार्डावर तारीख चुकलीया माझी, मी मोठी हाय. ते हसले नुसते. मग कोडोलीहून हौसा आत्या आली. पप्पांची थोरली बहीण, पप्पांना काखंत घेऊन वाढवलेली. नवरा जाऊन लई वर्षं झालेली, पोरापाशी राहायची. पोरगं तिला म्हणालं, मामासाठी अंग कापून घेणार असशील तर परत दारात येऊ नको. आत्यानं पिशवी उचलली आणि आली. रक्त जुळलं, बाकीचंबी जुळलं. सगळं जुळल्यावर मोठे डॉक्टर म्हणाले, “वजन जास्त आहे. अशा वजनाला काढली तर उद्या ह्यांनाच धोका. आठ किलो उतरवा. दिवाळीच्या आत. पेशंटला त्यापेक्षा जास्त थांबवणं बरं नाही.”

आठ किलो. मला वाटलं, हे काय अवघड हाय? आमच्या कबड्डीच्या सरांनी जाड्या जाड्या पोरी पळवून पळवून वाळवलेल्या मी बघितल्या होत्या. मी म्हटलं, आत्याला माझ्यावर सोडा.

रोज सकाळी मी तिला मैदानावर न्यायची. आधी चालणं, मग जोरात चालणं, मग पायऱ्या. आत्यानं एकदासुद्धा कुरकुर केली न्हाई. दम लागला की गुडघ्यावर हात टेकून उभी राहायची, तोंडानं ‘इठ्ठल इठ्ठल’ म्हणायची आणि परत सुटायची. एकदा पायरीवरनं घसरली, कोपर फुटलं. मी म्हटलं, राहू दे आज. तर म्हणाली, “तुजा बाप लहानपनी झाडावरनं पडलावता. त्येला पाठकुळी घिऊन मी दोन कोस पळाले दवाखान्याकडं. तवा काय कोपराकडं बगितलंवतं व्हय मी?”

आणि घरी आलं की तिची पूजाच सुरू व्हायची.

पूजाच म्हणायची ती. दारात यायच्या आत आईनं गरम पाणी काढलेलं असायचं. आत्यानं बूट काढायला वाकायचं न्हाई, आई खाली बसून काढायची. अंघोळ झाली की दाराशी, पत्र्याच्या सावलीत, लाल खुर्ची टाकलेली. तीवर उशी. आत्या एकदा बसली की पाणी तिथं, भाकरी तिथं, हात धुवायला तांब्या तिथं. आत्या उठायला गेली की आई वरडायची, “वन्सं, तुमी काडीसुद्धा उचलायची न्हाई. सकाळी एवढं रगात आटवताय आमच्यासाठी. आता निवांत बसायचं.”

गल्लीतल्या बायका मुद्दाम बघायला यायच्या. कोण नारळ आणायचं, कोण ओटी भरायचं. एक म्हातारी तर पाया पडली. “भैन असावी तर अशी,” म्हणाली. आत्या ‘असू दे, असू दे’ म्हणायची, पण तिच्या तोंडावर काय तेज आलेलं! आत्या आमच्याकडं आधीपण यायची, उरसाला, माझ्या बारशाला म्हणं, चुलत्याच्या लग्नाला. पण ती आली म्हणजे चुलीपाशी नायतर मोरीपाशी. मला तिची पाठच आठवते. तोंड असं समोर ठेवून बसलेली मी तिला पहिल्यांदाच बघत होते.

आमच्या कोपऱ्यावर इब्राहिमचाचाचं भंगाराचं दुकान. तिथं मोठा काटा, रद्दीचा. आठवडा झाला की आत्याला त्याच्यावर उभी करायचं. चाचा लई सभ्य माणूस. आत्या चढली की पोरांना बाहेर हाकलायचा आणि आकडा माझ्या कानात सांगायचा. “बाईमाणसाचं वजन हाय. रद्दीगत वरडून सांगायचं न्हाई.”

पहिल्या आठवड्याला काटा थोडा खाली आला. आईनं गुळाचा खडा वाटला गल्लीत. दुसऱ्या आठवड्याला काटा होता तिथंच. तिसऱ्याला चाचानं दोनदा बघितलं, काट्यावर फुंकर मारली, खालचा पुठ्ठ्याचा तुकडा काढला आणि हळू आवाजात म्हणाला, “बेटी, वाढलंय.”

“काटा खराब हाय तुमचा.”

“काटा मेला तर माझा धंदा मेला. काटा बरोबर हाय.”

मी आत्याकडं बघितलं. ती लुगड्याचा पदर नीट करत होती. “काय म्हणतोय गं त्यो?”

“काय न्हाई,” मी म्हटलं. पण डोसकं माझं तिथंच फिरलं. एवढी चालती, एवढा घाम काढती, आणि वजन वाढतंय? म्हणजे ही खातीया. चोरून खातीया.

आईनं तिची भाकरी आधी एकीवर आणली होती, आता अर्धीवर आणली. चहात साखर बंद. मी लाडवाचा डबा माळ्यावर टाकला. आणि मी पाळत ठेवली. मला काय काम होतं? दिवसभर घरातच. उंबऱ्यावर बसायचं, नखं खात, आणि आत्याकडं बघत राहायचं. ती कधी पिशवीत हात घालती, कधी पदराखालनं काय काढती, कोणी शेजारीण काय देती काय. एकदा समोरच्या काकूनं वाटीतनं शिरा आणला. आत्यानं वाटी हातात घेतली, वास घेतला, आणि तशीच माझ्याकडं सरकवली. “खा तू. मला घास उतरत न्हाई.”

एवढं लक्ष ठेवल्यावर मला दिसलं ते भलतंच. आत्या काय करतच न्हवती. हात मांडीत ठेवलेले असायचे, तळवे वर करून, बाजाराहून आणून ठेवलेल्या वस्तूगत. माशी बसली तर माशी उठवायची न्हाई. उन्ह पायावर आलं तर पाय ओढायचा न्हाई, आईला हाक मारायची, मग आई खुर्ची सरकवायची. मान तेवढी हलायची, रस्त्यानं कोण गेलं तर. हे मी दिवसभर बघत होते आणि मला त्यातलं काय कळत न्हवतं. कारण मी तोंड हलतंय काय, एवढंच बघत होते.

शेवटी मला राहवलं न्हाई.

“आत्या, खरं सांग. कुठं खातीस?”

“काय खातीया?”

“तेच विचारतीया. काय खातीस, कुठं खातीस? वजन वाढलंय तुझं. वाऱ्यानं वाढतंय काय?”

आत्यानं माझ्याकडं बघितलं. मग खुर्चीतनं पुढं वाकली आणि मोठा आ केला. “बग. ये की जवळ. दातात काय अडकलंय का बग. चार तर दात ऱ्हायल्यात, लवकर बगून हुईल तुजं.”

“चेष्टा करू नको. तिकडं पप्पा...”

“नंदे.” आतनं पप्पांचा आवाज आला. “जीभ हासडीन तुजी.” पण एवढं बोलायला त्यांना मधी एकदा श्वास घ्यायला लागला, आणि त्यामुळं ते वाक्य धमकी वाटायच्या ऐवजी भलतंच वाटलं. आई मोरीतनं ओल्या हातानं बाहेर आली, माझ्या दंडाला धरून मला बाजूला नेलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, “पाय धर त्यांचं. रुसून गेल्या निघून तर काय करणार हाईस तू?”

मी पाय धरले. आत्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “उद्यापास्नं एक फेरी वाढवू आपन. दोन वाढवू.”

दोन वाढवल्या. आत्या खरंच मारायची त्या फेऱ्या, डोळे मिटून, ओठ दातात धरून. घरी येऊन खुर्चीत बसली की तिथंच मान टाकायची. पार ऊन उतरेपर्यंत.

पुढच्या डायलिसिसला आत्याला पण घेऊन गेलो. पप्पांना आत मशीनला लावलं आणि आम्हा तिघींना आहार सांगणाऱ्या मॅडमकडं पाठवलं. तरणी बाई होती, पण बोलणं शांत. आत्याला काट्यावर उभी केली, कागद बघितला, परत काटा बघितला. आईनं पदरात हात गुंडाळले.

“मावशी, चालताय ना रोज?”

“मी चालवती की त्यांना,” मी म्हटलं. “पायऱ्यासुद्धा चढवती. माझ्यासमोर.”

“खाणं?”

आईनं सांगितलं. अर्धी भाकरी, ताक, पालेभाजी. मॅडमनी मान हलवली. मला वाटलं आता म्हणणार, खोटं बोलताय. तर ती म्हणाली, “आणि चालून आल्यावर? बाकीचा दिवस?”

आईचं तोंड खुललं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तिला अभिमानानं सांगण्यासारखं कायतरी मिळालं होतं. “बाकीचा दिवस त्यांना काडी उचलू देत न्हाई आमी. पाणीसुद्धा हातात देतो. खुर्चीवरनं उठू देत न्हाई बघा.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “आणि मावशी, ह्यांच्याकडे यायच्या आधी? तिकडे गावाकडे काय करायचात दिवसभर?”

“काय करनार?” आत्या म्हणाली. “आपलं घरातलंच. उठलं की शेणघाण, झाडलोट. पानी हापशावरनं. भाकऱ्या. दोन म्हशी. वैरन आनायची डोक्यावरनं. दुपारी भांडी, धुनं. नातवंडास्नी शाळंतनं आनायचं. परत भाकऱ्या. काय न्हाई, आपलं घरातलंच.”

“त्यात बसायचात कधी?”

आत्यानं विचार केला. खरंच विचार केला. “जेवताना,” म्हणाली.

मग मॅडमनी समजावून सांगितलं, आईकडं बघून, सावकाश. म्हणाली, ह्या वयाला बऱ्याच बायकांचं असं होतं. सकाळी एक तास जीव तोडून चालतात, मग शरीर म्हणतं, आता वाचवा. दिवसभर हात हलत नाही, पाय हलत नाही. सकाळी जे जळलं ते दुपारी शरीर वाचवून ठेवतं. “तुम्ही तर त्यांची सगळी कामं काढून घेतलीत. त्या एका तासापेक्षा जास्त तर त्या आधी घरात हिंडून फिरून जाळत होत्या. जेवढं जास्त दमवाल, तेवढ्या त्या जास्त बसतील.” मग आत्याला म्हणाली, “चालणं थोडं कमी केलं तरी चालेल, मावशी. पण बसायचं नाही. घरातली कामं परत सुरू करा. दिवाळीला अजून वेळ आहे. होईल.”

सोपंच होतं की. होईल म्हणाली ना ती. मला तर एवढं हलकं वाटलं, मी मॅडमना ‘थँक्यू’ म्हटलं. मग आईकडं बघितलं. आईचं तोंड पांढरं पडलं होतं.

एस्टीत पप्पा खिडकीला डोकं टेकून झोपले. आत्या त्यांच्याशेजारी, बाहेर बघत. आई आणि मी मागच्या बाकावर.

“सांग की मग आत्याला,” मी आईच्या कानात म्हटलं. “उद्यापासनं भांडी तुमी घासा म्हणावं.”

“मी सांगू?” आई पुटपुटली. “जी बाई माझं कुंकू राखायला स्वतःला कापून द्यायला निघालीया, तिला म्हणू, भांडी घासा? झाडून काढा? गल्ली शेण घालंल तोंडात. आणि गल्लीचं जाऊ दे. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई.”

“मग ती आपणच करंल. ऐकलंय की तिनं.”

आई तिकिटाची घडी घालत राहिली.

ऐकलं होतं आत्यानं. सगळं ऐकलं होतं. पण घरी आल्यावर आईनं सवयीनं खुर्ची टाकली, टाकल्यावर हात तसाच खुर्चीवर राहिला, आत्यानं खुर्चीकडं बघितलं, आईकडं बघितलं, आणि बसली.

दुसऱ्या दिवशीपण बसली. तिसऱ्या दिवशीपण. सकाळी माझ्याआधी उठून तयार. मैदानावर दोनाच्या तीन फेऱ्या वाढवल्या तिनं, मी नको म्हणत असताना. पण घरी आली की खुर्ची. आई मुद्दाम तिच्यासमोर भांड्यांचा ढीग मांडायची, मग आपणच घासायला बसायची. मुद्दाम खराटा दाराशी उभा करून ठेवायची. आत्या खराट्यापलीकडं रस्त्याकडं बघायची. घरात तिघी बायका, आणि तिघींना काय करायचं ते म्हाईत, आणि कोणाच्या तोंडातनं शब्द फुटंना. आणि त्या आठवड्यात पप्पांचे पाय सुजून उशीगत झाले. दाबलं की बोटाचा खड्डा तसाच राहायचा.

संध्याकाळी आई दळण आणायला गेली होती. मी बादली भरून आणली आणि आत्यासमोर दणकन आपटली.

“ऊठ.”

“काय?”

“ऊठ म्हणतीया. अंगणात सडा मार. मग भांडी हाईत, ती घास. मॅडम काय म्हणाल्या तू ऐकलंस. मला येडी समजू नको. तू मुद्दाम बसतीस.”

आत्या रागवंल असं मला वाटलं होतं. रागवली असती तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं.

“व्हय,” ती म्हणाली. “मुद्दाम बसतीया.”

मी बादली अजून थोडी तिच्याकडं सरकवली.

“नंदे, बस हितं.” मी बसले न्हाई. ती तशीच बोलायला लागली. “तुज्या बापाला किडनी देते म्हटलं ती काय त्वांडदेखलं न्हाई. कवाबी नेऊन टेबलावर झोपवा, भूल घाला, काय कापायचं ती कापा. एक न्हाई दोन घ्या. सकाळी तू पळीव, मी पळते. दोनदा पळीव. पर मला ह्या खुर्चीवरनं उठवू नगंस.”

“का पण?”

“मला आजवर कुनी म्हटलं न्हाई गं, हौसा, बस म्हनून. आईनं न्हाई, नवऱ्यानं न्हाई, पोरानं न्हाई. नवरा मेला तर त्येच्या तेराव्याला मी मोरीत जेवनाची भांडी घासत हुते. लोकं म्हनायची, मन गुतून ऱ्हातंय, करू दे.” ती हसली. “तुजी आई म्हनाली, बसा. माज्या हातात पानी दिलं. पयल्या दिशी ते पानी माज्या घशाखाली जाईना. दुसऱ्या दिशी गेलं. आता मला त्येची चटक लागलीया. मला कळतंय सगळं, नंदे. सकाळी उठताना म्हनते, आज न्हाई बसायचं. आन् घरी आले की पाय आपसूक तिकडंच जात्यात.”

मी उभीच होते. बादलीतलं पाणी अजून हलत होतं. मला आत्याची दया आली असं म्हणायला पायजे, पण तेव्हा दया आली न्हाई. मला तिचा लई राग आला, आणि तो राग कुठं ठेवायचा तेच कळंना, कारण तिचं काय खोटं न्हवतं.

“मग पप्पा मरतील,” मी म्हटलं.

आमच्या घरात दोन वर्षांत हा शब्द कोणी काढला न्हवता. डॉक्टरांनीसुद्धा न्हाई. आत्याचे मांडीतले तळवे मिटले. आतल्या खोलीत पप्पांची खाट करकरली. मधी नुसती पत्र्याची भिंत. तिथं सगळं ऐकू जातं.

सकाळी मला जाग आली ती खराट्याच्या आवाजानं. उजाडलं होतं. बाहेर आले तर आत्या अंगण झाडत होती. वाकून, एक हात पाठीवर ठेवून, तिची ती पाठ. बूट कोपऱ्यात होते तसे. मैदानाचं नाव तिनं काढलं न्हाई आणि मीपण न्हाई. आई चुलीपाशी उभी राहून बघत होती, तोंडाला पदर लावून.

मग पप्पा आले. भिंतीला धरत, सुजलेले पाय ओढत, बनियनवर.

“आक्का. खराटा दे हिकडं.”

“जा आत. गारटा हाय.”

“दे म्हणतोय ना.” त्यांनी खराट्याचं दुसरं टोक धरलं. “शालन, आक्काची खुर्ची आण.”

आईनं खुर्ची उचलली. आणि उचलून तशीच उभी राहिली, खुर्ची पोटाशी धरून, कुणाकडं जायचं ते न कळल्यागत.

“सोड, बाळू.”

“मला नको तुजी किडनी. ऐकलं मी काल सगळं. तू बसायचंस. मी जगतोय तवर ह्या घरात तू बसायचंस.”

“आन् तू गेल्यावर?” आत्या म्हणाली. “तू गेल्यावर मला कोन बस म्हननार हाय रं?”

पप्पांच्या हातनं खराटा सुटंना. दोघं लहान पोरांगत दोन टोकांना धरून उभे. आत्या ओढंना, कारण जोरात ओढलं तर पप्पा पडले असते. पप्पा ओढंनात, कारण त्यांच्यात ओढायला काय उरलंच न्हवतं. दोघांचे डोळे वाहत होते आणि दोघंपण एकमेकांकडं बघत न्हवते. “बस म्हणतोय तुला,” पप्पा म्हणत होते. “सोड म्हनते,” आत्या म्हणत होती. समोरच्या काकूनं दार उघडलं आणि तसंच परत लावून घेतलं.

मी पुढं गेले.

मला वाटतं आई ‘नंदे’ म्हणाली. मी पप्पांचा हात धरला. आज, आत्याची किडनी बसल्यावर, तोच हात माझ्या पाठीत धपाटा घालतो, सकाळी लवकर उठत न्हाईस म्हणून. आणि आत्या कोडोलीला असते, पोरानं शेवटी परत दारात घेतली, फोन केला की मागं भांड्यांचा आवाज येत असतो. “बोल लवकर, हात खरकटं हाईत,” म्हणते. पण त्या दिवशी पप्पांच्या त्या हातात काय जोर न्हवता. करंगळी सुटली, मग दुसरं बोट. पप्पा माझ्याकडं बघत होते. ‘नको गं,’ म्हणाले, एवढ्या हळू, की मला ते ऐकू आलं न्हाई असं दाखवता आलं. मी बाकीची बोटं सोडवली आणि तो हात माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला. मनगटावरची शीर गुरगुरत होती.

आत्यानं पदरानं तोंड पुसलं, खराटा हातावर आपटून नीट केला आणि परत वाकली.

“सरा दोघंबी बाजूला,” ती म्हणाली. “धूळ उडतीया.”